पत्ता बदलला आहे

पस्तीस वर्षं ईरी शहरात टपाल वाटलं.
तलावावरून येणारं बर्फ गुडघ्याएवढं साचायचं,
तरी पार्ड स्ट्रीटच्या कुत्र्यांना
माझी पावलं पाठ होती.
निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली,
काझिमिर, तू घरात बसलास
तर दोघांपैकी एकाला वेड लागेल.
म्हणून कोर्टात गेलो. बिनपगारी.
त्यांनी शिकवलं, शपथ दिली,
गळ्यात ओळखपत्र अडकवलं
आणि हातात एक फाइल दिली:
टेव्हियन, वय आठ.

फाइल जाडजूड. पोरगा काटकुळा.
दोन वर्षांत पाच घरं.
मी आधी पत्तेच वाचले. सवय जात नाही.
माणसं घर बदलतात तेव्हा एक कागद भरतात,
मग पत्रं त्यांच्या मागोमाग जातात,
निदान काही महिने.
या पोराच्या नावाने तसा कागद
कुणी भरला नव्हता.

फाइलीत होतं: लक्ष देत नाही.
फाइलीत होतं: वर्गात उठून फळ्यापाशी जातो,
बस म्हटलं की उलट बोलतो.
गोळी सुरू करावी का, विचार चालू.
प्रत्येक शेऱ्याखाली सही वेगळी.
तीन सोशल वर्कर बदलल्या होत्या,
त्यांना तरी काय बोलणार,
एकेकीच्या डोक्यावर वीस-पंचवीस मुलं.
माझ्याकडे एकच.
आणि वेळ म्हणाल तर, रग्गड.

तिसऱ्या शनिवारी आम्ही धक्क्यावर गळ टाकून बसलो.
तोवर त्याचे माझ्याशी एकूण अकरा शब्द झाले असतील.
एक पर्च लागला, तळहाताएवढा.
त्याने तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला.
"ह्याला पट्टे आहेत!"
मी म्हटलं, ते तर इथूनही दिसतात की.
तो गप्प.
मासा पाण्यात सोडला, हात पँटला पुसले.
"माझा चष्मा कॉरीला राहिला."

कॉरी म्हणजे दुसरं घर.
म्हणजे चौदा महिने.

मग फोन. सही कुणाची, पैसे कुणी द्यायचे,
ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर.
खिडकीपुढे चिकाटीने उभं राहणं
टपाल खात्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.
अहवालाच्या तिसऱ्या पानावर मी दोन ओळी लिहिल्या,
माझं अक्षर तेवढं चांगलं आहे.
हॅल्फर्टी बाईंनी पान उलटलं,
थांबल्या, परत मागे आल्या.
मग मान वर करून भरल्या कोर्टात विचारलं,
कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?
हीटर तेवढा खडखडत राहिला.

पुढच्या तारखेला तो आला, निळी फ्रेम, नाकावर घसरणारी.
माझ्या कानाला लागला:
"काझ, बाईंच्या टेबलावर गोळ्यांची बरणी आहे."
ती तिथं पहिल्या दिवसापासून होती.
दुसऱ्या गोळीचा विषय
त्यानंतर कुणी काढला नाही.

सगळं जमलं असं नाही.
त्याची आई दोन तारखांना आली, मग यायची थांबली.
मी तिला चार पत्रं लिहिली. परत आली.
पण त्याच्या बोचक्यात, मोज्यांखाली,
नाताळचं एक जुनं पाकीट निघालं,
डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता:
अ‍ॅक्रन, ओहायो. मावशी.
बाईंनी सगळं तपासायला लावलं,
राज्य दुसरं, कागद दुप्पट, नऊ महिने लागले.
त्या नऊ महिन्यांत तो दर शनिवारी विचारायचा,
आणि दर शनिवारी मी म्हणायचो, अजून नाही.
खोटं एकदाही बोललो नाही.
त्यानेही आशा सोडल्याचं दाखवलं नाही,
फक्त मासे जास्त वेळ हातात धरायला लागला.

परवा फाइल बंद झाली.
ओळखपत्र परत केलं. नियम असा,
की आता मी त्याचा कुणी नाही.
घरी आलो, टेबलावर तो कागद घेतला,
त्याचं नाव लिहिलं, जुने पाचही पत्ते,
जागा पुरेना, समासात लिहिले,
आणि खाली नवा.

कुठल्या खिडकीत द्यायचा, ठाऊक नाही.
खणात ठेवलाय.